घर त्यांच्या नावावर, हप्ता दोघांचा: पत्नीचा हक्क नेमका कशात आहे?

सदाफुली (प्रश्न)

नमस्कार. घरात भांडण नाही आणि वेगळे होण्याचा विचार तर दूरच. तरीही काही गोष्टी आत्ताच समजून घ्याव्यात असे वाटले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचा विवाह २०१२ साली हिंदू पद्धतीने झाला. २०१७ मध्ये आम्ही पुण्यात सदनिका घेतली. त्या वेळी मी बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी होते, त्यामुळे खरेदीखत केवळ यजमानांच्या नावे झाले. ‘तुझे नाव नंतर लावू’ असे ठरले होते, ते राहूनच गेले. कर्जाच्या बाबतीत मात्र माझा पगार धरल्याशिवाय हवी तेवढी रक्कम मंजूर होत नव्हती, म्हणून बँकेने मला सहकर्जदार करून घेतले. सुरुवातीला भरलेल्या रकमेत माझी मोडलेली मुदत ठेव होती, आणि आजही हप्त्याचा साधारण निम्मा भाग मी दरमहा यजमानांच्या खात्यात वळता करते. लग्नातले दागिने सासू-सासऱ्यांच्या नावे असलेल्या लॉकरमध्ये आहेत. मागितले की सासूबाई लगेच काढून देतात, परंतु लॉकरवर माझे नाव नाही.

आता यजमान नोकरी सोडून एका मित्राबरोबर भागीदारीत व्यवसाय सुरू करणार आहेत. भांडवलासाठी हीच सदनिका तारण ठेवायची आणि त्या कर्जाला मी हमीदार म्हणून सही करायची, असे घाटते आहे. त्या निमित्ताने सगळे कागद एकत्र पाहिले तेव्हा लक्षात आले की कर्जाच्या प्रत्येक कागदावर माझी सही आहे आणि मालकीच्या एकाही कागदावर माझे नाव नाही.

‘नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा निम्मा वाटा असतोच, नाव असो वा नसो,’ असे मैत्रिणी ठामपणे सांगतात. हे खरे आहे का? आम्हाला एक मुलगी आहे आणि सासू-सासरे दोघेही हयात आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोर्टाची पायरी

सदाफुलीताई, तुमच्या मैत्रिणींचे म्हणणे महाराष्ट्रात खरे नाही. हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की अनेक शिकलेल्या स्त्रियांना तो चुकीचा असल्याचे थेट न्यायालयातच कळते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे हिंदू विवाहाने मालमत्ता एकत्र होत नाही. विवाहानंतरही पतीचे ते पतीचे आणि पत्नीचे ते पत्नीचे राहते. ज्याच्या नावाचा दस्त, तो मालक, अशी सुरुवात होते. घटस्फोटाच्या वेळी पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने संमतही केले, पण लोकसभेत ते पुढे सरकले नाही आणि बारगळले. तेव्हापासून या बाबतीत कायदा आहे तिथेच आहे.

मग पत्नीला काय मिळते? तिला राहण्याचा हक्क आहे, पोटगीचा हक्क आहे आणि वारसाहक्क आहे. या तिन्हींपैकी एकही हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि सारा घोटाळा इथेच होतो.

राहण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने दिला. ज्या घरात पत्नी पतीबरोबर संसार करीत होती, त्या सामायिक घरातून तिला कायदेशीर प्रक्रियेशिवाय बाहेर काढता येत नाही, मग घर कोणाच्याही नावावर असो. सासूच्या किंवा सासऱ्याच्या मालकीच्या घराबाबत २००६ च्या एका निकालाने हा हक्क फार आकसला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात तो निकाल चुकीचा ठरवून वाट मोकळी केली. मात्र हा हक्क पती आणि सासरच्या मंडळींच्या विरोधात उपयोगी पडतो. घर बँकेकडे तारण असेल, कर्ज थकले आणि बँक ताबा घ्यायला आली, तर ‘मी इथे सून म्हणून राहते’ हे उत्तर तिथे पुरेल असे समजू नये. तुमच्या प्रश्नात खरा धोका हा आहे, पतीचा नाही.

पोटगीबद्दल थोडक्यात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते, १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. नागपूर खंडपीठाकडून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र दाखल करणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. तुमचा संसार सुरळीत आहे, त्यामुळे हा विषय इथेच सोडतो.

आता सदनिकेकडे वळू. तुम्ही दिलेली रक्कम वाया गेली असे मुळीच नाही. जोडीदाराच्या नावे घेतलेल्या मालमत्तेचा मोबदला दुसऱ्या जोडीदाराने स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून दिला असेल, तर तो व्यवहार बेनामी ठरत नाही; बेनामी कायद्यात १ नोव्हेंबर २०१६ पासून झालेल्या बदलांत हा अपवाद स्पष्टपणे आलेला आहे आणि तुमची खरेदी त्यानंतरची आहे. म्हणजे ‘या घरात माझे पैसे आहेत, म्हणून त्या प्रमाणात वाटा माझा’ असा दावा तुम्ही कुटुंब न्यायालयात करू शकता. पण तो सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. पतीच्या खात्यात वळते केलेले पैसे घरखर्चासाठी होते की हप्त्यासाठी, हा पहिला प्रश्न विरुद्ध बाजूचा वकील विचारील, आणि पैसे पाठवताना त्यापुढे काहीच लिहिलेले नसेल तर तुम्ही अडचणीत याल. मुदत ठेव मोडल्याची पावती, त्या दिवसाचा खातेउतारा आणि बिल्डरला गेलेली रक्कम हे सारे आजच बँकेकडून मागून घ्या. जुन्या वर्षांचे उतारे पुढे मिळवणे अवघड होत जाते.

तिसरी गोष्ट वारसाहक्काची. पतीने मृत्युपत्र केले नाही, तर त्यांच्या मिळकतीत तुम्ही, तुमची मुलगी आणि तुमच्या सासूबाई अशा तिघींचे समान भाग होतील. सासरे पहिल्या वर्गाच्या वारसांत येत नाहीत. पण पतीने मृत्युपत्र केले, तर स्वकष्टार्जित मालमत्ता ते हवी त्याला देऊ शकतात. पत्नीला त्यातून वगळता येत नाही असा कोणताही नियम हिंदू वारसा कायद्यात नाही.

तेव्हा माझे मत सरळ आहे. हमीच्या कागदावर सही करण्याआधी मालकीच्या कागदावर नाव लावून घ्या. क्रम उलटा होऊ देऊ नका.

पासबुक

मी बँकेच्या कर्ज विभागात काम केले आहे, त्यामुळे वरील प्रतिसादाला व्यवहाराची बाजू जोडतो.

सहकर्जदार आणि हमीदार हे शब्द लोक फार सहजपणे घेतात. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि काही मिळाले नाही तरच हमीदाराकडे यावे, असे तिच्यावर बंधन नाही. व्यवसाय बुडाला तर तुमच्या स्वतंत्र ठेवी, तुमची माहेरकडून आलेली मालमत्ता आणि तुमचे पतमूल्यांकन हे सगळे पणाला लागते. भागीदारी संस्थेच्या कर्जात आणखी एक मेख असते: हमीपत्र अनेकदा ‘चालू आणि भविष्यातील सर्व देण्यांसाठी’ लिहिलेले असते. म्हणजे आज वीस लाखांसाठी केलेली सही उद्या वाढवलेल्या मर्यादेलाही लागू होऊ शकते. हमीपत्रात कमाल रक्कम लिहून घेण्याचा आग्रह धरा. शाखेत ‘हा छापील मसुदा आहे, बदलत नाही’ असे सांगतील, तरी लेखी विचारा.

नाव लावण्याची पद्धत अशी. यजमानांनी सदनिकेतील अविभाज्य निम्मा हिस्सा बक्षीसपत्राने तुम्हाला द्यायचा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायची. महाराष्ट्रात निवासी मिळकत पतीने पत्नीला बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे; महापालिका हद्दीतील अधिभार मात्र वेगळा लागू शकतो, तो आधी विचारून घ्यावा. सदनिका गहाण असल्यामुळे गृहकर्ज देणाऱ्या बँकेचे ना हरकत पत्र लागेल. तुम्ही आधीपासूनच सहकर्जदार आहात, त्यामुळे बँकेने हरकत घेण्याचे सबळ कारण उरत नाही. नोंदणी झाल्यावर सोसायटीच्या भागदाखल्यावर आणि महापालिकेच्या कर आकारणी नोंदीवरही नाव चढवून घ्या. केवळ सोसायटीत अर्ज देऊन नाव लावले आणि बक्षीसपत्र केलेच नाही, असे अनेकजण करतात. त्याने मालकी येत नाही.

आयकराविषयी एक ओळ. मालकीत नाव नसताना गृहकर्जाच्या व्याजाची वजावट तुम्ही मागत असाल, तर ते थांबवा. बक्षीस मिळालेल्या हिश्श्यावर तुम्हाला कर लागणार नाही, पण घर भाड्याने दिले तर त्या हिश्श्याचे उत्पन्न यजमानांच्याच उत्पन्नात मिळवले जाईल.

आणि व्यवसाय सुरू करणाऱ्या प्रत्येक गृहस्थाच्या पत्नीला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याच्या कलम ६ खाली पतीने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी आणि अपत्यांच्या हितासाठी घेतला, तर त्या विम्याची रक्कम विश्वस्त निधी ठरते. पतीच्या धनकोंना त्यावर हात टाकता येत नाही. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने हप्ते भरल्याचे सिद्ध झाले तरच तेवढ्या हप्त्यांपुरता अपवाद आहे. ही नोंद पॉलिसी काढतानाच करावी लागते, जुन्या पॉलिसीवर नंतर चिकटवता येत नाही. एजंट स्वतःहून क्वचितच सांगतात. एकशे पन्नास वर्षे जुना कायदा आहे आणि आजही तितकाच कामाचा आहे.

स्पष्टवक्ता

वरचे सगळे प्रतिसाद कायदेशीरदृष्ट्या बरोबर असतीलही. पण ज्या घरात विश्वास आहे तिथे बक्षीसपत्र, ना हरकत पत्र आणि खातेउतारे जमवण्याची भाषा आणली, तर मने दुरावतात हे कोणी लक्षात घेते का? नवरा नव्या उद्योगाच्या ताणात असताना बायकोने ‘आधी अर्धे घर माझ्या नावावर करा’ म्हणायचे, हे मला पटत नाही. त्यातून सासूबाईंच्या लॉकरमधले दागिने मागितले की झालेच. सासूबाई मागताच दागिने देतात, मग हक्क सांगायचाच कशाला?

कोर्टाची पायरी

स्पष्टवक्ता, आपला मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण त्याची दिशा उलटी आहे असे मला वाटते. बँकेने सदाफुलीताईंकडे हमी मागितली तेव्हा त्यांच्या संसारातल्या विश्वासावर कोणी शंका घेतली नाही. जबाबदारी कागदावर घ्यायला हरकत नसेल, तर मालकी कागदावर घ्यायला का असावी? शिवाय यात यजमानांचेही हित आहे. व्यवसाय अडचणीत आला, तर पत्नीचा स्वतंत्र निम्मा हिस्सा तरी शिल्लक राहावा असे कोणत्याही विचारी माणसाला वाटेल. अर्थात पत्नीने त्याच कर्जाला हमी दिली आणि आपला हिस्साही तारण ठेवला, तर हे संरक्षण उरत नाही. म्हणूनच नाव लावणे आणि हमी न देणे या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र करावा लागतो.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. देणी थकल्यानंतर किंवा थकणार हे दिसू लागल्यावर घाईघाईने मालमत्ता बायकोच्या नावावर केली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली ते हस्तांतरण धनकोंना फसवण्यासाठी केले असे म्हणून रद्द करून घेता येते. व्यवसायाचे कर्ज घेण्यापूर्वी, पत्नीने प्रत्यक्ष पैसे भरलेले असताना, उघडपणे केलेले बक्षीसपत्र ही वेगळी गोष्ट आहे.

दागिन्यांविषयी. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर स्त्रीला माहेरकडून, सासरकडून किंवा इतरांकडून मिळालेले दागिने आणि भेटी हे तिचे स्त्रीधन आहे. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधन सासरच्या घरात आले म्हणून ते पती-पत्नीची सामायिक मालमत्ता होत नाही. ज्याच्याकडे ते सांभाळायला दिले तो केवळ विश्वस्त असतो आणि परत करायला नकार दिला तर तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात याच न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा सांगितले आणि पतीने घेतलेल्या दागिन्यांपोटी पत्नीला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. अडचणीच्या काळात पती स्त्रीधन वापरू शकतो, पण परत करण्याचे नैतिक ऋण त्याच्यावर राहते, हेही त्यात आहे. तेव्हा उद्या भांडवलासाठी तुमच्या पाटल्या मोडायची वेळ आलीच, तर ते तुम्ही दिलेले कर्ज आहे याची दोन ओळींची नोंद तारखेसह करून ठेवा.

सासूबाईंकडे दागिने मागण्याची आज गरज नाही, इतपत मी आपल्याशी सहमत आहे. त्याऐवजी दागिन्यांची वजनासह यादी करावी, लग्नातली छायाचित्रे आणि सराफाच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात आणि बँकेत जाऊन त्याच लॉकरवर सुनेचे नाव संयुक्त धारक म्हणून जोडावे. सासू-सासरे वयस्कर असतील तर त्यांच्याही ते सोयीचे होते. कोणाचाही अपमान न होता हे काम पार पडते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

मांडवीकाठ

सदाफुलीताईंच्या मैत्रिणी जे सांगतात ते गोव्यात मात्र बऱ्याच अंशी खरे आहे, म्हणून फोंड्याहून चार ओळी लिहिते.

आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही १९६२ च्या कायद्याने ती चालू ठेवली गेली. तिच्यानुसार विवाहाआधी पती-पत्नीने वेगळा करार नोंदवला नसेल, तर दोघांची सारी मालमत्ता एकत्र येते: लग्नाआधीची, लग्नानंतरची, आणि वारशाने आलेलीसुद्धा. प्रत्येकाचा त्यात अविभाज्य निम्मा भाग. करार करायचा असेल तर तो लग्नाआधीच. मालमत्ता पूर्णपणे वेगळी ठेवता येते, किंवा लग्नाआधीची वेगळी आणि नंतरची एकत्र अशीही मांडणी करता येते. माझ्या पाहण्यात असा करार करणारे थोडेच असतात.

याचा रोजचा परिणाम असा की गोव्यात घर किंवा जमीन विकायची, तर नवऱ्याची एकट्याची सही चालत नाही. दस्तावर दोघांच्या सह्या लागतात, मग एक-चौदाचा उतारा, म्हणजे आमच्याकडचा सातबारा, कोणाच्याही नावे असो. सदाफुलीताईंचा प्रसंग इथे घडला असता, तर सदनिका तारण ठेवण्यासाठी बँकेला त्यांची सही हमीदार म्हणून नव्हे, तर मालक म्हणून घ्यावी लागली असती. नवरा वारला तर पत्नीचा निम्मा भाग तिचाच राहतो आणि केवळ त्याच्या निम्म्याची वाटणी होते. त्यातही मुले असतील तर त्याच्या भागाचा अर्धा हिस्सा मुला-मुलींसाठी राखीव असतो, मृत्युपत्राने तो दुसऱ्याला देता येत नाही. मुलीला डावलून सगळे मुलाच्या नावे करणे म्हणूनच इथे सहजासहजी जमत नाही. २०१६ च्या डिसेंबरपासून वारसा आणि वाटणीची प्रक्रिया गोव्याच्या नव्या उत्तराधिकार कायद्याखाली चालते, पण हे सूत्र तेच आहे.

आयकर कायद्यानेही ही व्यवस्था मान्य केली आहे. घरभाडे, व्याज, व्यवसायाचा नफा अशी उत्पन्ने पती-पत्नीत निम्मी निम्मी विभागून दाखवली जातात. पगार तेवढा ज्याचा त्याच्याकडे राहतो.

सगळेच गोड आहे असे नाही. मूळ संहितेने एकत्र मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्याच हाती दिला होता. आणि मालमत्ता एकत्र, तसे संसारासाठी दोघांच्या संमतीने काढलेले कर्जही दोघांच्या माथी येते. शिवाय कायदा असूनही विवाहाची नागरी नोंदणी नीट न केलेल्या बायकांचे हाल होतात. इथे नोंदणी कार्यालयात दोनदा जावे लागते: आधी विवाहाचा मनोदय जाहीर करायला आणि मुदत उलटल्यावर तो कायम करून सही करायला. केवळ देवळात लग्न झाले आणि दुसरी सही राहिली, तर पुढे पंचाईत होते.

सिंधुदुर्गातून किंवा बेळगावकडून गोव्यात सून म्हणून येणाऱ्या मुलींना यातले काहीच ठाऊक नसते, आणि गोव्यातून मुंबई-पुण्याला गेलेल्यांनाही नसते. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी एका निकालात सांगितले आहे की गोव्याच्या अधिवासी व्यक्तीची गोव्याबाहेरील मालमत्ताही वारशाच्या बाबतीत याच संहितेखाली येते. त्या प्रकरणातली मिळकत मुंबईत होती.

बांधावरून

इथे सगळी चर्चा पगारदार स्त्रीची चालली आहे. सदाफुलीताईंकडे निदान खातेउतारा आहे. जिने आयुष्यभर रानात आणि चुलीपाशी राबून काढले, तिच्याकडे कोणता पुरावा असणार?

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला महिलांचे मोठे अधिवेशन घेतले आणि त्यानंतरच्या ‘लक्ष्मी मुक्ती’च्या मोहिमेत शेतकऱ्यांना आपली काही जमीन बायकोच्या नावे करून देण्याचे आवाहन केले. अनेक गावांनी ते केलेही. पुढे शासनानेही पतीने स्वेच्छेने अर्ज दिल्यास सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. आमच्या तालुक्यात आज ही योजना तलाठ्याला आठवण करून द्यावी लागते. आणि अर्ज नवऱ्यानेच द्यायचा आहे, यातच सगळे आले.

जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका प्रकरणात असे मान्य केले की नवरा परदेशी कमावत असताना घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमामुळेच ती मिळकत उभी राहिली, त्यामुळे तिलाही त्यात समान वाटा आहे. त्या निकालाचे स्वागत करावे, पण महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही, हेही बायकांना सांगायला हवे.

सदाफुली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री यजमानांना हा सगळा मजकूर वाचायला दिला. हमीदार हा शब्द मी जितका सहज घेतला होता तितकाच त्यांनीही घेतला होता, असे दिसले. बक्षीसपत्राला त्यांची तयारी आहे आणि लॉकरविषयी तेच आईंशी बोलणार आहेत. हमीचे अजून ठरलेले नाही. भागीदाराच्या घरूनही हमी मागितली आहे का, हे ते आधी बँकेला विचारणार आहेत.

माझा आणखी एक प्रश्न राहिला. माझ्या भविष्य निर्वाह निधीवर आणि ठेवींवर यजमानांचे नामनिर्देशन आहे. नाशिकचे घर आई-बाबांनंतर माझ्या आणि भावाच्या वाट्याला येईल. मीही मृत्युपत्र करावे का? माझे वय चाळिशीच्या आत आहे, त्यामुळे घरात हा विषय काढला की सगळे ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणतात.

कोर्टाची पायरी

ताई, तुम्ही मृत्युपत्र करावेच, आणि त्यात अभद्र काही नाही.

हिंदू पुरुष आणि हिंदू स्त्री यांच्या वारसांचा क्रम कायद्याने वेगळा ठेवला आहे. मृत्युपत्र न करता स्त्री वारली, तर तिची मालमत्ता आधी पती आणि अपत्यांकडे जाते. तुमच्या बाबतीत ते ठीक आहे. पण पती आणि अपत्ये दोन्ही नसतील, तर स्त्रीने स्वतः कमावलेली मालमत्तासुद्धा तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झालेल्या आणि सासरने घराबाहेर काढलेल्या स्त्रीला माहेरने शिकवले, तिने नोकरी केली, चांगली पुंजी साठवली आणि मृत्युपत्र न करता ती वारली. ती पुंजी सासरच्या वारसांना मिळाली. न्यायालयाने सहानुभूती कायद्याच्या आड येऊ शकत नाही अशा अर्थाचे म्हटले. केवळ आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, अपत्य नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते.

नामनिर्देशन हे मृत्युपत्राची जागा घेत नाही. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, ती वारसांच्या वतीने. मालक वारस किंवा मृत्युपत्रातील लाभार्थीच असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केले. तुमची मुलगी लहान आहे, त्यामुळे तिच्या वाट्याला येणारी रक्कम ती सज्ञान होईपर्यंत कोणी सांभाळावी, हेही मृत्युपत्रात लिहावे.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र लागतात, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे आणि ते लाभार्थी नसावेत. मी नोंदणी करून घ्यावी असेच सुचवतो. पुढे सहीवरून वाद कमी होतात. नाशिकच्या घराचा उल्लेख ‘मला वारशाने जे मिळेल ते’ अशा शब्दांत आताच करता येईल. आणि भावाने हक्कसोडपत्राचा विषय काढलाच, तर वाचल्याशिवाय आणि मोबदल्याचा विचार केल्याशिवाय सही करू नका. एकदा नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागे घेणे फार कठीण असते.

वकिलाचा खर्च आडवा येत असेल अशा वाचक भगिनींसाठी एवढेच सांगतो की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पुण्यात त्यांचे कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातच आहे.

पासबुक

एक राहिले. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या अधिकृत गोषवाऱ्याची, प्रत काढून घ्या आणि ती गृहकर्जाच्या बँकेलाही लेखी कळवून पोच घ्या. व्यवसायाचे कर्ज देणारी बँक जेव्हा मालमत्तेचा शोध घेईल, तेव्हा तिला दोन मालक दिसतील, आणि तुमच्या संमतीशिवाय तुमचा हिस्सा तारणात धरता येणार नाही.

सदाफुली

कळले. ना हरकत पत्रासाठी सोमवारी अर्ज देत आहोत. ते मिळाले की बक्षीसपत्राचा मसुदा, नावे आणि सदनिकेचा तपशील वगळून, इथे टाकीन. जाणकारांनी एकदा नजर घालावी.